मोटर फिरते, पाणी येत नाही: चौथा फुटबॉल घेण्याआधी हे तपासा

रात्री कधीतरी थ्री फेज आली, ऑटो स्टार्टरनं मोटर चालू केली, आणि सकाळी सहाला मी रानात गेलो तर पाट कोरडा. मोटर आपली मजेत घूं घूं करतेय. पंपाच्या पोटाला हात लावला आणि चटका बसून लगेच काढला. ग्लँडमधनं (फिरता दांडा पंपात शिरतो तिथल्या पॅकिंगमधनं) पाण्याच्या थेंबाऐवजी वाफ येत होती. स्विच पाडला, थंड होऊ दिलं, वरचं बूच उघडलं. आत तळाला पेलाभर कढत पाणी. सक्शनमधलं, म्हणजे विहिरीतनं पंपाकडं येणाऱ्या पायपातलं, बाकी सगळं विहिरीत उतरलेलं.

दोन वर्षांत हे किती वेळा झालं, मोजणं मी सोडून दिलं होतं. उपाय दर वेळी एकच. फुटबॉल, म्हणजे सक्शनच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, काढायचा, धुऊन नाहीतर नवीन घालायचा, वरनं बादल्या ओतायच्या, मोटर पाणी धरते, काही दिवस बरे जातात, परत पहिले पाढे.

व्हॉल्व्हला आमच्याकडं सगळे 'वॉल' म्हणतात, मीही तसंच लिहिणार. आणि फूट व्हॉल्व्हचा फुटबॉल कधी झाला कोण जाणे, खरं झालाय तो कायमचा. सुट्टीला आलेल्या भाच्याला मी सांगितलं, "जा, दुकानातनं फुटबॉल घेऊन ये." तो म्हणतो, "मामा, पाच नंबरचा आणू का?" म्हटलं, "तीन इंची आण."

लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी उद्यमबागेत वीस वर्षं फिटर होतो. बेळगावच्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत आहे, तिथं वॉल जोडणं आणि दाब देऊन तपासणं हे रोजचं काम. मी दिवसाला कितीतरी वॉल टेस्टबेंचवर चढवून उतरवलेत. आणि माझ्याच विहिरीवरच्या एका वॉलनं मला दोन वर्षं मूर्ख बनवलं. म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडची मांडणी

रान बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या अंगाला. चढाचं आहे. खाली ओढ्याकाठी विहीर आणि भाताचे दोन तुकडे, वर बटाटा, रताळी आणि थोडा ऊस. पाच एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेली. सक्शन तीन इंची. डिलिव्हरी, म्हणजे पंपातनं रानाकडं जाणारा पाईप, अडीच इंची पीव्हीसी, लांबी जवळजवळ १२०० फूट, आणि पाणी पडतं ते तोंड पंपापेक्षा ७० फूट वर. वाटेत एक टेकाड. ही मापं लक्षात ठेवा, गुन्हेगार यांच्यातच लपला होता.

पंप पाणी ओढत नाही

ऐकायला विचित्र वाटेल, खरं पंपाला पाणी ओढता येत नाही. तो फक्त आपल्या पोटातलं पाणी पुढं फेकतो आणि मागं पोकळी करतो. विहिरीच्या पाण्यावर बसलेली हवा त्या पोकळीत पाणी ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा हा जोर १०.३३ मीटर, म्हणजे ३४ फुटांच्या आसपास पाणी उचलण्याइतका असतो. त्यापुढं जगातला कुठलाही पंप सक्शननं पाणी वर आणू शकत नाही.

आता बेळगाव आहे साधारण अडीच हजार फूट उंचीवर. इथली हवा पातळ. जोर ३१ फुटांवर येतो. म्हणजे खाली कोकणात जो पंप जेवढ्या खोलीवरनं आरामात पाणी घेतो, तोच घाट चढून आमच्याकडं आणला की तीन फूट कमी पडतो. सावंतवाडीकडचे पाहुणे येऊन "आमच्याकडं चालतं की" म्हणतात तेव्हा मी हेच सांगतो. त्यात पायपाचं घर्षण, बेंड, फुटबॉलची जाळी हे सगळे आपापला वाटा खातात. हिशेब करून बघितलात तर इथं पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर २० फुटांच्या आत ठेवलेलं बरं. मे महिन्यात पाणी खाली गेलं आणि पंपातनं खडे वाजल्यासारखा आवाज यायला लागला, तर तो फुटबॉलचा दोष नव्हे. पंप एक कट्टा खाली उतरवा.

हे सगळं चालतं ते सक्शन पायपात आणि पंपाच्या पोटात आधीपासून पाणी भरलेलं असेल तरच. हवा भरली असेल तर पंप ती फेकू शकत नाही, नुसता फिरत राहतो आणि तापतो. मोटर बंद असताना ते पाणी धरून ठेवणं, एवढंच फुटबॉलचं काम. खाली जाळी, वर बैठक, बैठकीवर बिजागरीची झडप, झडपेला चामड्याचं नाहीतर रबराचं वायसर (वॉशर). खालनं पाणी आलं की झडप उघडते, वरनं आलं की मिटते. याला ना दांडा ना चाक. शाळेत हृदयाच्या चार झडपा शिकवल्या होत्या, त्याही याच जातीच्या. रक्ताचा दाब बदलला की आपोआप उघडमीट, हात लावायला कुणी नाही.

आधी नळीची परीक्षा

'पाणी उतरतं' म्हटलं की मिस्त्रीसुद्धा डोळे झाकून फुटबॉलवर बोट ठेवतो. निम्म्या वेळा तो बरोबर असतो. उरलेल्या निम्म्यासाठी ही परीक्षा. खर्च दोन हात पारदर्शक नळीचा.

विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच पाडा आणि ऑटो बंद करा. नुसतं मोटरचं लाल बटण दाबून जाऊ नका. तुम्ही पंपावर वाकलेले असताना लाईट जाऊन परत आली तर ऑटो मोटर चालू करतो, खाली कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. आणि एकटे उतरू नका.

पंपाचं पाणी भरायचं भोक असतं त्यात नळी उभी बसवा. बाजूनं गळू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. सक्शन आणि पंप पूर्ण भरा, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत, मग नळीत हातभर उंचीपर्यंत पाणी चढवा आणि स्केचपेननं खूण करा. विडा खा, चहा प्या, अर्ध्या तासानं या.

इथं एक फसवणूक आहे, मी स्वतः तिला बळी पडलो. डिलिव्हरीचं पाणी वर उभं असेल आणि गेट वॉल (डिलिव्हरीवरचा, हातानं फिरवून बंद करायचा वॉल) नीट बसत नसेल, तर वरचं पाणी हळूहळू खाली झिरपून नळी भरलेलीच ठेवतं. खालनं फुटबॉल गळतोय, वरनं भर पडतेय, आणि खूण जागच्या जागी. तुम्ही म्हणता फुटबॉल एकदम ओके. म्हणून परीक्षेआधी डिलिव्हरी रिकामी करा, किंवा गेट वॉलच्या खालचा फ्लँज (बोल्टांनी आवळलेला जोड) सैल करून ती वाट तोडा.

आता निकाल. पाणी दोन-चार मिनिटांत सरसर उतरलं तर झडपेखाली काहीतरी अडकलंय. आमच्याकडं बहुतेक वेळा उसाचं पाचट, जांभ्याचा खडा, नाहीतर शेवाळाची गाठ. एकदा खेकड्याची नांगी निघाली होती, बाकीचा खेकडा कुठं गेला देवाला माहीत. यासाठी फुटबॉल बदलायची गरज नाही, धुऊन जाळी बदला. जाळी फाटलेली असते म्हणून तर कचरा आत जातो.

पाणी रातभरात हळू उतरत असेल तर वायसर. चामड्याचं असेल आणि उन्हाळ्यात फुटबॉल पाण्याबाहेर उघडा पडला असेल तर ते वाळून पापडासारखं वाकडं होतं. जूनमध्ये पाणी वाढलं तरी बसत नाही. नवीन चामडं रात्रभर पाण्यात भिजवून मग घाला. रबराचं असेल तर नखानं दाबून बघा, नख उमटलं नाही तर ते कडक झालंय. हेही किरकोळ खर्चाचं काम आहे, दुकानदार अख्खा फुटबॉल देतो तो भाग वेगळा.

खूण हललीच नाही, तरीही मोटर चालू केली की थोड्या वेळानं पाणी सोडते? मग फुटबॉल निर्दोष. हवा कुठून तरी आत येतेय. याचं कारण समजलं की डोकं शांत होतं. मोटर बंद असताना पंपाजवळच्या जॉइंटवर पाण्याचा दाब असतो हातभर उंचीचा, तेवढ्यात तिथनं थेंबही गळत नाही. मोटर चालली की त्याच जॉइंटवर आतनं पंधरा-अठरा फुटांची ओढ लागते. पाणी बाहेर यायला जी फट पुरत नाही ती हवा आत जायला पुरते. शोधायला उदबत्ती पुरे. मोटर चालू ठेवून सक्शनच्या प्रत्येक जॉइंटपाशी, फ्लँजपाशी, ग्लँडपाशी उदबत्ती धरा. धूर जिथं आत वळतो तिथं फट. वारा असेल तर त्या जागेवर तांब्याभर पाणी ओता, आवाज बदलला तर तीच जागा. आट्याचा जॉइंट असेल तर उघडून सफेदा आणि सुती दोरा, फ्लँज असेल तर नवीन पॅकिंग. ग्लँड असेल तर नवी ग्रॅफाइट दोरी, आणि ती आवळून कोरडी करू नका. ग्लँड थेंब थेंब गळलीच पाहिजे, तेच तिचं वंगण.

अजून एक शक्यता, ती झटकन बघून घ्या: फुटबॉलवर निदान दोन-अडीच फूट पाणी हवं. कमी असेल तर भोवरा पडतो आणि त्यातनं हवा शिरते. वरनं डोकावलं की दिसतोच.

माझी नळी काय म्हणाली

माझी नळी प्रामाणिकपणे उतरत होती. म्हणजे फुटबॉलच. मग तो सारखा का जातोय, हा प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं विचारलाच नव्हता. माल बोगस, असं म्हणून दुकान बदललं. गणपत गल्लीतनं घेतला, खडेबाजारातनं घेतला. एकदा बिडाचा, एकदा प्लॅस्टिकचा, एकदा पितळी बैठकीचा महागातला.

एके दिवशी गोठ्यातनं ते तिन्ही जुने काढले आणि कट्ट्यावर ओळीनं मांडले. कारखान्यात परत आलेला माल आम्ही असाच मांडायचो. बिडाच्या फुटबॉलची झडप कडेला नखाएवढी फुटलेली, फुटलेली कड खालच्या बाजूला. प्लॅस्टिकच्यात झडप धड, पण बैठकीला चंद्रकोरीसारखी चीर. पितळीवाल्याचं रबर बघितलं तर त्यात बैठकीची गोल रेघ अशी खोल उमटलेली, जणू कुणी वाटी ठेवून हातोडा मारलाय. तिन्हींची बिजागरीची पिन वाकलेली, आणि तिन्ही एकाच दिशेनं.

कचऱ्यानं वॉल गेला तर ओरखडे दिसतात. जुना होऊन गेला तर सगळीकडं सारखा झिजतो. हे तिघं मार खाऊन मेले होते. आणि मार वरनं आला होता.

त्याच संध्याकाळी मोटर चालू करून विहिरीवरच बसून राहिलो. सातच्या सुमारास लाईट गेली. मोटरचा आवाज उतरत गेला, एक क्षण शांतता, आणि मग 'धाड'! सक्शन पाईप जागचा वीतभर उडाला, पाण्यावर गोल लाटा उठल्या. मागनं दोन छोटे धक्के. हा आवाज मी आधी ऐकला नव्हता असं नाही. घरी बसून ऐकायचो आणि म्हणायचो, लाईट गेली वाटतं.

तेराशे किलो पाणी मागं फिरतं तेव्हा

उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून कुणी उतारावर ब्रेक मारला की काय होतं, आमच्या भागात सांगायला नको. ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉल्या थांबत नाहीत.

माझ्या डिलिव्हरीच्या पायपात एका वेळी तेराशे किलोच्या वर पाणी असतं. मोटर चालू असताना ते वर पळतंय. लाईट गेली की आधी ते दमादमानं थांबतं, मग उतारानं उलटं निघतं. खाली झडप उघडीच आहे, ती मिटायला वेळ घेते, तोवर पाण्यानं उलटा वेग धरलेला असतो. मग झडप मिटते आणि पूर्ण गाडी तिच्यावर येऊन आदळते. एवढ्या उंचीचं पाणी नुसतं उभं असेल तर पायथ्याला दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या थोडा वर. धावतं पाणी एकदम अडवलं तर त्यावर आणखी चार-पाच किलोंचा झटका बसू शकतो. लोखंडी पाईप असता तर तिपटीनं, कारण पीव्हीसी थोडा फुगून मार सोसतो, लोखंड फुगत नाही. याला वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ जुकोव्स्कीनं १८९८ साली याचं गणित मांडलं, तेही मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून. म्हणजे माझ्या पणज्याच्या काळातलं ज्ञान आहे हे, मोटेवर पाणी काढणाऱ्या पणज्याला त्याची गरज नव्हती एवढंच.

फुटबॉल हा मार खायला बनवलेला नसतो. तो पाणी धरून ठेवायला असतो. मार खायला वर, पंपाच्या तोंडाशी, एनआरव्ही असतो, म्हणजे नॉन-रिटर्न वॉल, पाणी मागं येऊ न देणारा.

आणि गंमत म्हणजे माझ्याकडं एनआरव्ही होता!

जो होता आणि नव्हता

पाईपलाईन टाकताना मिस्त्रीनं बसवलेला. बाण बरोबर दिशेला. मी येता-जाता तो बघायचो आणि मनात टिक मारायचो, एनआरव्ही आहे. त्या संध्याकाळी मात्र नीट बघितला. आडव्या पायपात बसवलेला साधा झडपेचा एनआरव्ही, आणि त्याचं झाकण आकाशाकडं असायच्या ऐवजी विहिरीच्या भिंतीकडं. तिथं पाना फिरवायला जागा नव्हती म्हणून मिस्त्रीनं तो कुशीवर झोपवला होता.

झाकण वर असेल तर बिजागरी वर राहते, झडप तिच्यावर लोंबते, आणि पाणी मंद झालं की स्वतःच्या वजनानं मिटायला लागते. पाणी उलटं फिरायच्या आत काम झालेलं असतं. कुशीवर झोपवला की बिजागरी उभी होते. मग झडप म्हणजे घराचं दार, जिथं ढकलाल तिथं राहतं. उघडून बघितला तर ती अर्ध्यात गंजून बसलेली. पाणी जायला अडचण नाही, यायलाही नाही. सगळा मार खाली फुटबॉलला.

वीस वर्षं फिटर.

काढला आणि पंपाच्या तोंडाशी उभ्या पायपात स्प्रिंगचा एनआरव्ही बसवला. स्प्रिंगवाला थोडं प्रेशर खातो, खरं पाणी थांबायच्या बेताला स्प्रिंगच झडप मिटवते, उलटा वेग धरूच देत नाही. झडपेचा साधाही चालतो, फक्त आडव्या पायपात झाकण वर, नाहीतर पाणी वर चढणाऱ्या उभ्या पायपात. पाणी खाली जाणाऱ्या पायपात तो कधीही घालू नका, तिथं झडप लोंबून उघडीच राहते. क्रम असा: पंप, मग एनआरव्ही, मग गेट वॉल. गेट वॉल पुढं असला की तो बंद करून वरचं पाणी अडवता येतं आणि एनआरव्ही निवांत उघडता येतो. उलट बसवलात तर प्रत्येक वेळी बाराशे फूट पाईप अंगावर रिकामा होणार.

ऑटोलाही वेळ लावून घ्या. लाईट गेली आणि पाच सेकंदांत आली तर पाणी अजून मागं पळत असताना मोटर सुलट फिरायला बघते. दोन-तीन मिनिटं थांबून चालू होईल असं सेटिंग करून घ्या, वायरमनला सांगितलं की तो करतो. आणि ड्राय रनचं (पाण्याविना फिरण्यापासूनचं) संरक्षण लावा म्हणजे माझ्यासारखी वाफ बघायची वेळ येणार नाही.

बाकीच्या वॉलबद्दल, जेवढं इथं लागतं तेवढं

वॉलच्या जाती दुकानात पन्नास दिसतात, खरं घराणी दोनच. काही माणसानं फिरवायचे, काही पाण्यानं आपले आपण फिरायचे. फुटबॉल, एनआरव्ही, एअर वॉल, टाकीतला बॉलकॉक हे दुसऱ्या घराण्यातले. यांच्याकडं लक्ष जात नाही कारण यांना मूठ नसते.

पहिल्या घराण्यातला गेट वॉल म्हणजे वर-खाली सरकणारी पाचर. पूर्ण उघडा असला की पाण्याला जवळजवळ अडवत नाही. तो पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट ठेवायचा नसतो. आमच्याकडं निम्मे लोक मोटर कमी अँपिअर घ्यावी म्हणून तो अर्धा दाबून ठेवतात. अँपिअर कमी होतात हे खरं, सेंट्रिफ्यूगल पंपाचं तसंच असतं. पण पाचर थडथडते, बैठक झिजते, आणि मग वॉल बंद केला तरी झिरपतो. वर नळीच्या परीक्षेतली फसवणूक सांगितली ती याच्यामुळंच. पाणी कमी-जास्त करत राहायचं असेल तर ग्लोब वॉल घ्या. त्यात पाणी नागमोडी जातं म्हणून तो उघडा असतानाही गेट वॉलच्या साधारण पन्नासपट दाब खातो, पण बैठकीवर तबकडी हव्या त्या उंचीला थांबते आणि कुरकुरत नाही. शेताला बहुधा याची गरज पडत नाही.

बॉल वॉल सगळ्यांना आवडतो. आत भोक पाडलेला गोळा, मूठ पाव वळसा फिरवली की काम झालं. तीच त्याची खोड. माझ्या पायपात धक्क्याची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला दोन सेकंदांच्या आसपास घेते. तुम्ही वरच्या टोकाचा बॉल वॉल अर्ध्या सेकंदात फटकन बंद केलात तर तोही पूर्ण वॉटर हॅमरच. गावात पाणी सोडणारा वॉटरमन लांब चावीनं आटे मोजत, जणू काही घाईच नाही असा वॉल फिरवतो ना, तो आळशी नसतो. बॉल वॉल असेल तर मुठीवर हात ठेवून मनात दहा मोजत फिरवा.

आणि टेकाडावर एअर वॉल. माझ्या वाटेतल्या टेकाडावर तो नव्हता. चढणीवर हवा अडकली की पाणी कमी येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लाईट गेल्यावर उलटं होतं ते कुणी बघत नाही: टेकाडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी खाली ओढतं, माथ्यावर पोकळी होते, आणि पातळ पीव्हीसी उन्हात मऊ झालेला असेल तर चपटा होतो. एअर वॉलमधला हलका गोळा पाणी आलं की तरंगून भोक बंद करतो, पाणी उतरलं की खाली पडून हवा आत घेतो. छोटी वस्तू आहे. बसवताना अगदी माथ्यावर, उभी बसवा, दहा फूट अलीकडं बसवली तर तिचा उपयोग नाही.

बोअरला सबमर्सिबल असेल त्यांना फुटबॉलचा प्रश्नच नाही, पंपच पाण्यात असतो आणि त्याच्या डोक्यावर बहुधा एनआरव्ही जोडूनच येतो. एअर वॉल आणि बॉल वॉलचं मात्र त्यांनाही लागू.

आता

नवा एनआरव्ही बसवला त्याला दोन बटाट्याची पिकं झाली. फुटबॉल तोच आहे, चौथा. लाईट गेली की आता 'टक्' असा आवाज येतो, कपाटाचं दार लागल्यासारखा. दिवाळीनंतर एकदा उघडून बघितला होता, रबर गुळगुळीत.

गेल्या रविवारी ओढ्यापलीकडचे आण्णा आले. ते घरात कन्नड बोलतात, माझ्याशी मिसळून. दारातनंच सुरुवात, "नीर बरवल्दु! मोटर फिरालीय खरं पाणी येईना. फुटबॉल गेलाय बघ, नवीन आणलाय, तेवढा बसवून दे चल." पिशवीत नवाकोरा पितळी बैठकीचा.

मी आधी नळी लावली. अर्ध्या तासात खूण जागची हलली नाही. मग त्यांच्याच देवघरातली उदबत्ती मागवली आणि मोटर चालू केली. सक्शनच्या बेंडाच्या फ्लँजपाशी आलो तर धूर सरळ वर जाता जाता वळला आणि दोरा ओवल्यासारखा फटीत गेला. पॅकिंगला एका बोल्टापाशी चीर. जुन्या ट्यूबचं पॅकिंग कापून घातलं, चारी बोल्ट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळले. मोटरनं पहिल्या दमात पाणी धरलं.

आण्णा पाटात पाय धूत म्हणाले, "आणि ह्या नवीन फुटबॉलचं काय करू?"

म्हटलं, "बिल ठेवलाय नव्हं? पिशवीतनं काढू नका, तसाच परत द्या जावा."